जुन्या पिकअप वाहनांतील इग्निशन कॉइल

इग्निशन कॉइल किंवा प्रज्वलन वेटोळे हा पेट्रोल इंजिनातील एक विद्युत घटक आहे. बॅटरीकडून मिळणारा १२ व्होल्टचा दाब तो हजारो व्होल्टपर्यंत वाढवतो. या उच्च दाबामुळे स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडते आणि इंजिनातील इंधन व हवेचे मिश्रण पेटते. डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या तप्त हवेमुळे पेटत असल्याने तेथे इग्निशन कॉइल नसते.

पार्श्वभूमी

कॉइल, बॅटरी आणि संपर्कबिंदू यांवर आधारलेली प्रज्वलन पद्धत अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने विकसित केली. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती वापरली गेली. भारतात महिंद्रा कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी आणि १९६५ पासून हलक्या व्यावसायिक वाहनांचे उत्पादन सुरू केले. जीपच्या जुन्या पेट्रोल आवृत्त्यांतील चार सिलिंडरच्या ‘हरिकेन’ इंजिनात हीच पद्धत होती. आज मालवाहतुकीतील बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात. नव्या पेट्रोल वाहनांत संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असते.

रचना व कार्य

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यात जाड तारेचे काहीशे फेरे, तर दुय्यम वेटोळ्यात बारीक तारेचे हजारो फेरे असतात. जुन्या दंडगोलाकार कॉइलमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी व विद्युतरोधनासाठी तेल भरलेले असते. डिस्ट्रीब्युटरमधील संपर्कबिंदू, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘पॉइंट’, मिटलेले असताना प्राथमिक वेटोळ्यातून धारा वाहते. ते उघडताच चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात उच्च दाब निर्माण होतो. रोटर आणि कॅप हा दाब योग्य सिलिंडरच्या प्लगकडे पोहोचवतात. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडून ते जळू नयेत, यासाठी कंडेन्सर जोडलेला असतो.

झिजेची लक्षणे

कॉइल बिघडू लागली की इंजिन थंड असताना सुरू होते, तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालते. ओझे वाढल्यावर इंजिन ‘मिसिंग’ करू लागते. मात्र हीच लक्षणे इतर भागांच्या दोषांमुळेही दिसतात. जळालेले पॉइंट, निकामी कंडेन्सर, तडा गेलेली कॅप किंवा तुटकी प्लग वायर असल्यास नवी कॉइल बसवूनही दोष जात नाही. त्यामुळे स्वस्त व सहज तपासता येणारे भाग आधी तपासून कॉइलकडे शेवटी वळणे श्रेयस्कर ठरते.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

भंडारा जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा उष्णतेत तापलेल्या पेट्रोलची वाफ होऊन इंधनपुरवठा अडतो. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. त्याचे लक्षण तापलेल्या कॉइलसारखेच असते. दोन्हींत भेद करण्याचा मार्ग सोपा आहे. गाडी बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासावी. ठिणगी जोरकस असेल तर दोष बहुधा इंधनात असतो, नसेल तर प्रज्वलनात. पावसाळ्यात कॅपमधील बारीक तडे ओल धरतात आणि दाब प्लगऐवजी तड्यातून निसटतो. तेथे उमटलेली काळी रेघ ही त्याची खूण होय. पिकअप रस्त्यात अडून पडली की माल आणि मजुरांचा दिवस दोन्ही खोळंबतात. त्यामुळे रोवणीच्या व धान काढणीच्या हंगामापूर्वी ही तपासणी उपयुक्त ठरते.

कॉइल बदलणे

काम सुरू करण्यापूर्वी स्विच बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी लागते. यानंतर जुन्या कॉइलचा विद्युतरोध ओहममापकाने पाहतात. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलचा प्राथमिक रोध साधारण ३ ओहम असतो. काही वाहनांत सुमारे १.५ ओहमची कॉइल आणि तिच्यासोबत ‘बॅलास्ट’ नावाचा वेगळा रोधक असतो. या दोहोंची गल्लत ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. १.५ ओहमची कॉइल रोधकाविना बसवली तर ४ ऐवजी सुमारे ८ अँपिअर धारा वाहू शकते आणि कॉइल तापून पॉइंट जळतात. उलट ३ ओहमची कॉइल रोधकासह जोडली तर ठिणगी दुबळी पडते.

ऋण भूयोजन असलेल्या वाहनात कॉइलचे धन टोक स्विचकडे व ऋण टोक डिस्ट्रीब्युटरकडे जोडतात. ही टोके उलटली तरी इंजिन चालते, पण ठिणगीसाठी अधिक दाब लागतो. पॉइंट बदलल्यास त्यांची फट फीलर गेजने ठेवावी लागते. हरिकेन इंजिनात ती सुमारे ०.५ मिलिमीटर असते. फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते, म्हणून शेवटी टायमिंग पाहणे आवश्यक असते. प्लग वायर काढण्यापूर्वी त्यांवर खुणा केल्यास प्रज्वलनाचा क्रम चुकत नाही. हरिकेन इंजिनात तो १-३-४-२ असा आहे.

सुरक्षा

दुय्यम बाजूचा दाब जोरदार धक्का देतो. ठिणगी तपासताना जवळपास पेट्रोलची वाफ नसावी आणि वायर विद्युतरोधक पकडीनेच धरावी. इंजिन बंद असताना स्विच सुरू ठेवल्यास मिटलेल्या पॉइंटमधून सतत धारा वाहते आणि नवी कॉइलही तापून खराब होऊ शकते. ठिणगी नीट न पडणाऱ्या इंजिनातून न जळलेले इंधन धुराड्यातून बाहेर जाते. त्यामुळे इंधन वाया जाते आणि प्रदूषण तपासणीत वाहन अनुत्तीर्ण होऊ शकते.