थेट स्मृतिप्रवेश आणि आभासी स्मृती : परम संगणकांच्या संदर्भात

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत थेट स्मृतिप्रवेश, म्हणजेच डीएमए, हा विषय बहुधा आदान-प्रदानाच्या प्रकरणात येतो, तर आभासी स्मृती स्मृतिव्यवस्थापनाच्या. प्रत्यक्ष यंत्रात मात्र या दोहोंची गाठ पडते. या संबंधाचे स्वरूप पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेल्या परम संगणकांच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९९१ च्या परम ८००० मध्ये ट्रान्सप्यूटर हे प्रोसेसर वापरले होते. त्यांच्यात आभासी स्मृतीची सोयच नव्हती. प्रोग्रॅममधील पत्ता हाच स्मृतीतील खरा पत्ता असल्याने दुव्यांवरून येणारी माहिती प्रोसेसरला न अडविता थेट स्मृतीत उतरत असे.

आभासी स्मृती आली की चित्र पालटते. ६४ किलोबाइटचा सलग भासणारा साठा ४ किलोबाइटच्या १६ पृष्ठांत विभागला जातो आणि ती पृष्ठे प्रत्यक्ष स्मृतीत कोठेही असू शकतात. गाव नमुना आठ-अ मध्ये खातेदाराची जमीन एका खात्यावर दिसते. शिवारात ती निरनिराळ्या गटांत विखुरलेली असते. पेरणीस आलेल्या ट्रॅक्टरवाल्यास खाते क्रमांक सांगून भागत नाही, गटच दाखवावे लागतात. पृष्ठतक्ता प्रोसेसरला वाचता येतो, साध्या डीएमए उपकरणास नाही. म्हणून ड्रायव्हर त्यास खऱ्या पत्त्यांची यादी पुरवितो.

खरा धोका यापुढे आहे. हस्तांतरण चालू असताना कार्यप्रणालीने एखादे पृष्ठ डिस्कवर हलवून ती जागा दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली, तर उपकरण जुन्याच पत्त्यावर लिहीत राहते. पेरणी अर्धी झाली असता गट दुसऱ्याच्या नावे व्हावा, तसाच हा प्रकार! प्रोसेसरची संरक्षणव्यवस्था उपकरणाच्या वाटेत नसल्याने त्रुटीचा संदेशही येत नाही. माहिती निमूटपणे बिघडते. यावर उपाय म्हणजे हस्तांतरण संपेपर्यंत ती पृष्ठे जागेवर जखडून ठेवणे.

२००३ च्या परम पद्ममधील परमनेट-२ या जाळ्यात व्हर्च्युअल इंटरफेस आर्किटेक्चर या पद्धतीचा अवलंब होता. १९९७ मध्ये कॉम्पॅक, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत प्रोग्रॅम आपला साठा आधीच नोंदवितो. पृष्ठे जखडली जातात आणि आभासी पत्त्यांची रूपांतरे जाळ्याच्या कार्डास उपलब्ध होतात. त्यानंतर प्रत्येक संदेशासाठी कार्यप्रणालीस मध्ये घ्यावे लागत नाही. वेग वाढतो, पण नोंदणीस वेळ लागतो आणि जखडलेली स्मृती इतर प्रोग्रॅमना मिळत नाही.

अलीकडील संगणकांत उपकरणांसाठीही पत्ता-रूपांतराचा स्वतंत्र भाग, आयओएमएमयू, असतो. त्यामुळे परक्या जागेत लिहिणे रोखता येते. तथापि, केवळ त्याने जखडणे टळत नाही. त्यासाठी गैरहजर पृष्ठ मागवून ते येईपर्यंत थांबण्याची क्षमता उपकरणात हवी. डिस्क नियंत्रकास थांबणे तुलनेने सोपे आहे. जाळ्याच्या कार्डावर मात्र तोवर पुढचा संदेश येऊन धडकलेला असतो.