मुरलेली धातुमळी

2024च्या जानेवारीत मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात एका किलोमीटरच्या चौपदरी तुकड्याचं उद्घाटन झालं. त्यात डोंगर फोडून आणलेल्या खडीच्या जागी डोलवीच्या जेएसडब्ल्यू कारखान्यातली सुमारे 80 हजार टन पोलादी मळी, म्हणजे स्लॅग, वापरली आहे. मार्गदर्शन दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं. मग हीच मळी आपल्या घराच्या स्लॅबमध्ये का चालत नाही?

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण काँक्रीटचा जवळजवळ पाऊण भाग खडी आणि वाळूच असतो. खडीसाठी सह्याद्रीचा काळा पाषाण सुरुंगाने फुटतो, वाळूसाठी नद्यांची पात्रं खरवडली जातात. पर्यावरण मंजुरीशिवाय पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातही वाळूउपसा नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्येच बजावलं. दुसरीकडे, टनभर पोलादामागे साधारण 200 किलो पोलादी मळी निघते.

मळी मात्र एकाच जातीची नसते. झोतभट्टीत लोखंड गाळताना खनिजातली माती चुनखडीबरोबर वितळून वर तरंगते. तिच्यावर पाण्याचा मारा केला, की ती साखरेसारखी रवाळ होते आणि दळून सिमेंटमध्ये जाते. तीच खड्ड्यात सावकाश निवू दिली, तर दगडासारखी घट्ट होते. फोडली की खडी तयार.

पोलादाची मळी वेगळी. लोखंडातलं फॉस्फरस आणि गंधक काढायला भट्टीत चुनकळी टाकतात. तिचा काही भाग विरघळत नाही, मोकळा चुना म्हणून मळीत अडकून राहतो. पाणी लागलं, की हा चुना फुलतो आणि त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. सोबतचा मॅग्नेशिया त्याहून संथ. तो कित्येक वर्षांनी फुलू शकतो. डांबराचा थर थोडी हालचाल सोसतो. सळया पोटात घेऊन घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये फुलायला जागाच नसते. मग पोपडे उडतात, तडे जातात.

म्हणूनच काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीने या खडीला दार उघडलं, पण प्रत्येक मळीचा स्वभाव पाहून. झोतभट्टीच्या मळीची खडी बिनसळईच्या काँक्रीटमध्ये 50 टक्के, आरसीसीत 25 टक्के चालते. पोलादाच्या मळीला बिनसळईच्या कामात 25 टक्के मुभा आहे, आरसीसीत अजिबात नाही. एम-15हून कमी ताकदीच्या बेडच्या काँक्रीटमध्ये मात्र दोन्ही शंभर टक्के चालतात. तांब्याच्या मळीला वाळूच्या जागी आरसीसीत 35 टक्के परवानगी आहे.

मोकळ्या चुन्याच्या फुलण्यावरचा उपाय आपल्या गवंड्यांना ठाऊक होता. किल्ल्यांवर चुन्याच्या घाणी अजून दिसतात. तिथे चुनकळी आधी विरवत, मग घाणीत मळत, मुरवत आणि त्यानंतरच भिंतीला लावत. कच्चा चुना भिंत फोडतो, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. पोलादाच्या मळीचंही तेच आहे. ती फोडून, ढिगात पसरून, महिनोन् महिने पाणी आणि हवा खाऊ द्यावी लागते किंवा वाफेने लवकर पिकवावी लागते. रस्त्यासाठीसुद्धा हे टळत नाही.

डोंगर आणि नद्या वाचवायच्या असतील, तर मळी वापरायलाच हवी. पण भट्टीतून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून थेट मिक्सरमध्ये, अशी घाई नको. खडीच्या प्रत्येक गाडीबरोबर ती कुठल्या भट्टीतली, किती दिवस मुरली आणि फुगण्याच्या चाचणीत किती फुगली, याचा कागद साइटवर आला पाहिजे. तो मागायची सवय आपल्याला लागली, तर उद्या आरसीसीचं दारही तिच्यासाठी विश्वासाने उघडता येईल.