जुनी ओपन टॉप स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करताय? आधी दाराखालचा गंज बघा!

एमजीबी रोडस्टर १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला तयार झाली. आजही हौशी लोक ती घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करतात. पण खरी परीक्षा इंजिनची नाही, पत्र्याची असते.

या गाडीला वेगळी चासी नाही, वर टपही नाही. त्यामुळे बराचसा ताण दारांखालच्या पोकळ पत्र्यांवर, म्हणजे सिलवर येतो. ओल धरून ते आतून सडतात. वरून रंग मात्र चकचकीत!

सडका सिल थेट कापला, तर गाडी मधेच वाकते आणि दारं बसत नाहीत. म्हणून आधी दारांच्या फटी मोजा. गाडीला खालून भक्कम टेकू द्या, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल लावा आणि एका वेळी एकच बाजू कापा. फट जुळली की मगच नवा पत्रा पक्का वेल्ड करा. रंग सगळ्यात शेवटी.