जैसलमेरचा किल्ला

जैसलमेरचा किल्ला हा भारतातील राजस्थान राज्याच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात असलेला गिरिदुर्ग आहे. भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने इ.स. ११५६ मध्ये त्याची स्थापना केली. पिवळसर दगडी बांधकाम सूर्यास्तसमयी सोनेरी दिसते म्हणून त्यास ‘सोनार किल्ला’ असेही म्हणतात. सिंध, मुलतान आणि गुजरात-माळवा यांना जोडणाऱ्या उंटांच्या व्यापारी मार्गावरील नाके म्हणून हा किल्ला काही शतके समृद्ध राहिला. एकोणिसाव्या शतकात हे मार्ग बदलले आणि त्याचे वैभव ओसरले. आजही तटबंदीच्या आत सुमारे तीन ते चार हजार लोक राहतात. इ.स. २०१३ मध्ये चित्तोडगड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन आणि आमेर या किल्ल्यांसह युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

स्थान व स्थापना

किल्ला त्रिकूट नावाच्या टेकडीवर आहे. सभोवतालच्या सपाट प्रदेशापासून या टेकडीची उंची सुमारे ७६ मीटर आहे. सह्याद्रीतील दुर्ग पाहिलेल्या वाचकास ही उंची किरकोळ वाटेल. परंतु जेथे क्षितिजापर्यंत दुसरा उंचवटा नाही, तेथे एवढ्या उंचीवरूनही येणारा तांडा दूर अंतरावर दिसतो.

भाट्यांची आधीची राजधानी लोद्रवा येथून सुमारे १५ किलोमीटरवर होती. ती सपाटीवर असल्याने आक्रमणांपासून तिचे रक्षण करणे कठीण जाई, म्हणून जैसलने टेकडी निवडली. भाटी स्वतःस यदुवंशीय मानतात. त्यामुळे स्थापनेच्या कथेत श्रीकृष्ण येतो: यदुवंशाचा एक पुरुष पुढे येथे राज्य स्थापील असे भाकीत त्याने केले आणि सुदर्शन चक्राने खडक भेदून पाणी काढले. किल्ल्यातील ‘जैसलू’ नावाची विहीर तीच, अशी समजूत आहे. कथेचा ऐतिहासिक आधार शोधण्यात अर्थ नाही. मात्र राजधानीच्या जन्मकथेत सिंहासनाच्या आधी विहीर यावी, यावरून या प्रदेशात राज्याचा खरा पाया कोणता होता ते कळते.

तटबंदी

किल्ल्याची लांबी सुमारे ४६० मीटर आणि रुंदी २३० मीटर आहे. एकूण ९९ बुरूज असून त्यांपैकी ९२ बुरूज इ.स. १६३३ ते १६४७ या काळात बांधले गेले किंवा नव्याने उभारले गेले. टेकडीच्या पायथ्याशी उतार सावरणारी सुमारे साडेचार मीटर उंचीची दगडी भिंत आहे. तिच्या वर दुहेरी तट असून दोन तटांमधील अरुंद वाटेस ‘मोरी’ म्हणतात. पहारेकऱ्यांना या वाटेने संपूर्ण किल्ल्यास फेरी घालता येत असे. तटाच्या माथ्यावर दगडाचे मोठे गोळे व लाटे ठेवलेले आजही दिसतात; चढून येणाऱ्या शत्रूवर ते लोटून देण्यासाठी होते.

प्रवेशमार्गावर अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे क्रमाने लागतात. ‘पोळ’ म्हणजे दरवाजा. वाट मुद्दाम वळणावळणाची केलेली आहे. बऱ्याच ठिकाणी चुना न वापरता दगडात खाचा पाडून ते एकमेकांत बसवलेले आहेत. चुना मळण्यास पाणी लागते आणि ते येथे दुर्मीळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पद्धतीमागील शहाणपण लक्षात येते.

व्यापार

वाळवंटातील या राज्यास शेतसाऱ्याचे उत्पन्न फारसे नव्हते. राज्याचा मुख्य आधार जकात हा होता. पश्चिमेकडून सुकामेवा, खजूर व रेशीम, तर पूर्वेकडून अफू, नीळ, साखर व कापड येथून जात असे. तांड्यांना पाणी, निवारा आणि वाटेत संरक्षण हवे असे. भाटी ते पुरवत आणि त्याचे मोल घेत. मोल न देणाऱ्यास लुटण्याचेही त्यांना वावडे नव्हते. संरक्षक आणि लुटारू यांच्यातील रेषा मध्ययुगात सर्वत्र पुसट होती. येथे ती वाळूवर काढलेली होती, इतकेच.

किल्ल्यावरील सर्वांत प्रसिद्ध संकटाचे मूळही व्यापारी वाटेवरच आहे. जेम्स टॉड याने नोंदवलेल्या भाटी परंपरेनुसार, सिंध-मुलतानकडून दिल्लीस जाणारा शाही खजिना भाटी राजपुत्रांनी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या वेषात गाठून लुटला. त्यामुळे अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने किल्ल्यास वेढा घातला. तो अनेक वर्षे चालला, अखेर स्त्रियांनी जोहार केला आणि पुरुष लढता लढता पडले. अशा प्रसंगास राजस्थानात ‘साका’ म्हणतात. जैसलमेरच्या परंपरेत ‘अडीच साके’ मोजले जातात: पहिला खिलजीच्या काळातील, दुसरा तुघलकांच्या काळातील, आणि अर्धा सोळाव्या शतकातील. त्या तिसऱ्या वेळी जोहारास अवधीच मिळाला नाही, म्हणून तो अर्धा. इ.स. १५७० मध्ये रावळ हरराज याने अकबराचे आधिपत्य मान्य केले. त्यानंतरची शांतता व्यापाराच्या पथ्यावर पडली.

अठराव्या शतकात राजपुतान्यातील बहुतेक राज्यांना मराठ्यांच्या स्वाऱ्या व खंडणी यांस तोंड द्यावे लागले. जैसलमेर मात्र आपल्या एकाकी स्थानामुळे त्यांतून सुटले. इंग्रजांशी तह करणाऱ्या राजपूत राज्यांतही ते शेवटच्या काही राज्यांपैकी होते. हा तह डिसेंबर १८१८ मध्ये महारावळ मूळराज दुसरा याच्या कारकिर्दीत झाला.

अफू, हवेल्या आणि ऱ्हासाचा आरंभ

किल्ल्याखालील शहरातील पटव्यांची हवेली ही येथील सर्वांत भव्य निवासी वास्तू. गुमानचंद पटवा या जैन सावकाराने आपल्या पुत्रांसाठी पाच हवेल्यांचा हा समूह इ.स. १८०५ च्या सुमारास बांधावयास घेतला. ‘पटवा’ हे नाव जरीकामाच्या व्यवसायावरून आलेले असले, तरी कुटुंबाची संपत्ती सावकारी, सोन्यारुप्याचा व्यापार आणि अफू यांतून आलेली होती.

येथे अफूच्या मार्गाचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे, कारण जैसलमेरच्या अखेरच्या समृद्धीचे आणि लगेच आलेल्या उतरणीचे कारण त्यात आहे. बंगालमधील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यातील अफू मात्र संस्थानी मुलखात पिकत असे. ती मुंबई बंदरातून चीनला पाठवावयाची तर कंपनीचा परवाना घेऊन पेटीमागे शुल्क भरावे लागे. ते चुकवण्यासाठी व्यापारी माल उंटांवर लादून पाली, जैसलमेर या मार्गाने वाळवंट ओलांडत, कराची गाठत आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथे नेत. दमणहून तो चीनकडे रवाना होई. नकाशावर हा प्रवास उलटा आणि वेडगळ दिसतो. हिशेबाच्या वहीत तो फायद्याचा होता. या फेऱ्यातील प्रत्येक पेटीमागे जैसलमेरला जकात मिळत होती.

इ.स. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. कराचीची वाट त्यांच्या हाती गेली आणि आडमार्ग बंद झाला. त्यापूर्वी पेटीमागे १२५ रुपये असलेले मुंबईचे परवाना शुल्क इ.स. १८४७ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४०० रुपयांवर नेण्यात आले, कारण व्यापाऱ्यास आता दुसरा मार्ग उरलेला नव्हता. जैसलमेरवर एकही तोफ न डागता त्याच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटला. हवेल्यांचे नक्षीकाम चालू असतानाच हे घडत होते. त्यांच्या झरोक्यांत सत्तेच्या शिखराचे दर्शन घेणाऱ्या पर्यटकाने ही तारीख लक्षात ठेवलेली बरी.

पुढे रेल्वेने उरलेले काम पूर्ण केले. इ.स. १९०० मध्ये जोधपूरकडून बाडमेरमार्गे सिंधमधील हैदराबादपर्यंत लोहमार्ग जोडला गेला आणि तो जैसलमेरच्या दक्षिणेकडून निघून गेला. त्याच सुमारास विक्रम संवत १९५६ चा, राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. इ.स. १९०१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या ७३,३७० भरली. दहा वर्षांत ती ३७ टक्क्यांनी घटली होती. सुमारे १६,००० चौरस मैलांच्या संस्थानाच्या राजधानीत त्या वेळी केवळ ७,१३७ माणसे होती. इ.स. १९४७ च्या फाळणीने सिंधकडील वाट कायमची मिटली.

पालीवालांचे स्थलांतर

ऱ्हासाचा दुसरा धागा खेड्यांतून जातो. पालीवाल ब्राह्मण हे या भागातील कुशल शेतकरी व व्यापारी होते. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यावयाचा, ही त्यांची ‘खडीन’ पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी कुलधरा, खाभा इत्यादी गावे सोडली. दिवाण सालिमसिंह याने गावातील एका मुलीची अभिलाषा धरल्याने ८४ गावे एका रात्रीत उठली आणि जाताना त्यांनी शाप दिला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. जाचक कर, पाण्याचा तुटवडा आणि मंदावलेला व्यापार ही कारणे अधिक संभवनीय आहेत. शापाची कथा ऐकण्यास रंजक असली तरी तिच्यामुळे खडीन बांधणाऱ्यांचे कर्तृत्व झाकले जाते, ही खेदाची बाब होय.

ग्रंथभांडार

किल्ल्यात पिवळ्या दगडातील जैन मंदिरांचा समूह आहे. त्यांपैकी संभवनाथ मंदिराच्या तळघरात पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरी यांनी ज्ञानभांडार स्थापन केले. कोरडी हवा आणि दुर्गम स्थान यांमुळे येथे ताडपत्रांवरील अनेक प्राचीन पोथ्या टिकल्या. मुनी पुण्यविजयजी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची व्यवस्थित सूची केली.

मराठी वाचकास या भांडाराशी एक जवळचा संबंध सांगता येतो. उद्योतनसूरींचा ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ इ.स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण झाला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन असून देशोदेशींच्या व्यापाऱ्यांची रूपे आणि बोली टिपल्या आहेत. त्यांत मरहट्टेही आहेत. मराठी भाषेच्या आरंभकाळाचा विचार करताना हा उल्लेख नेहमी घेतला जातो. कोल्हापूरचे प्राकृत पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती मुख्यतः दोन हस्तलिखितांवरून: एक पुण्यातील कागदी प्रत आणि दुसरी जैसलमेरची ताडपत्रावरील प्रत.

सद्यस्थिती

स्वातंत्र्योत्तर काळात सीमेवरील युद्धांमुळे येथे रस्ते व लष्करी तळ आले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वे पोहोचली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ (१९७४) या बंगाली चित्रपटाने किल्ल्याचे नाव सर्वदूर नेले. पर्यटन हाच आता शहराचा प्रमुख व्यवसाय आहे.

आज किल्ल्यास खरा धोका पाण्याचा आहे. पूर्वी खालच्या गडीसर तलावातून घागरी भरून आणलेले पाणी घरोघरी जपून वापरले जाई. सांडपाणी असे उरतच नसे. नळ आल्यावर वापर अनेक पटींनी वाढला. त्यात उपाहारगृहे व अतिथिगृहे यांची भर पडली. मलनिःसारणाच्या सदोष व्यवस्थेतून झिरपणारे पाणी टेकडीत मुरते. वालुकाश्माखाली मातीचे थर आहेत. ते भिजून फुगतात, सरकतात आणि वरचे बुरूज ढळतात. मातीचे जाड थर देऊन केलेली जुनी सपाट छपरेही तुरळक पावसासाठीच योजलेली होती. इ.स. १९९८ मध्ये बाहेरील भिंतीचा भाग कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. त्या सुमारास ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने किल्ल्याचा संकटग्रस्त स्मारकांच्या यादीत वारंवार समावेश केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अतिवृष्टीत तटाचा काही भाग पुन्हा ढासळला.

रहिवाशांना खाली हलवावे अशी सूचना अधूनमधून पुढे येते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने घराच्या दुरुस्तीसही परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळेपर्यंत पावसाळा येतो, अशी रहिवाशांची तक्रार असते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही पुरातन वास्तू नसून घर आहे. तथापि टेकडी किती पाणी सोसू शकते याला मर्यादा आहे, आणि कोणत्याही तडजोडीत तीच प्रथम मोजावी लागेल. गळत्या वाहिन्या बदलणे व गटारांचा उतार सुधारणे ही कामे बुरूज सावरण्याच्या कामांइतकीच निकडीची आहेत. दरम्यान ज्या गडीसर तलावावर शहराने शतकानुशतके तहान भागवली, त्यात आता इंदिरा गांधी कालव्याचे, म्हणजे पंजाबातून आलेले पाणी सोडले जाते.