सदतीस अंशांची किंमत

मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता नागपूरच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसे दिसतात. एक, ज्यांना गत्यंतर नाही ती. आणि दुसरी, बाहेरगावची. २०१९ मधल्या अशाच एका दुपारी, पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेलेला असताना, माझी आई गावाहून आली. सकाळी सातला निघाली होती, अमरावतीला बस बदलली होती. रिक्षातून उतरून ती घरात आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो घेतलाच नाही. माझ्याकडे पाहत म्हणाली, "दादा, म्हशी सोडल्या का रे?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन अकरा वर्षे झाली होती.

मी तिच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखे तापलेले आणि कोरडे ठणठणीत. बायकोने तापाची गोळी आणली, तोवर शेजारचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "गोळी ठेवा बाजूला. हा ताप नाही. ताप शरीर स्वतः चढवतं, हे ऊन आत शिरलंय. पाणी तोंडात घालू नका, अंगावर ओता!" चादरी भिजवल्या, टेबलफॅन लावला, काखेत बर्फ ठेवला. थर्मामीटर १०५ अंशांच्या पुढे गेला होता.

आता लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. त्या वेळी मला शिकवून बावीस वर्षे झाली होती. 'समस्थिती म्हणजे काय? थोडक्यात स्पष्ट करा' हा प्रश्न मी किती वेळा तपासला असेल! बाहेर काहीही घडो, शरीर आतली परिस्थिती स्थिर राखते, हे उत्तर लिहिले की गुण मिळत. ते उत्तर चूक नाही. पण त्यात मुख्य गोष्ट येतच नाही: ही स्थिरता फुकट मिळत नाही.

या विचाराचा उगम फ्रान्समधला. क्लोद बर्नार या एकोणिसाव्या शतकातल्या शरीरशास्त्रज्ञाने सांगितले, की आपल्या पेशी खऱ्या अर्थाने बाहेरच्या जगात राहतच नाहीत; त्या राहतात शरीरातल्या द्रवात. तो द्रव एकसारखा राहतो म्हणूनच प्राणी बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी या व्यवस्थेला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले. आपण त्याला समस्थिती म्हणतो. रक्तातली साखर, क्षार, आम्लता, पाणी आणि तापमान, सगळ्यांवर अहोरात्र पहारा असतो.

तापमानाचा पहारेकरी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. त्याचा आकडा साधारण सदतीस अंश सेल्सिअस. जंतूंचा संसर्ग झाला की हा पहारेकरी स्वतःच आकडा वर सरकवतो, आपल्याला हुडहुडी भरते आणि ताप चढतो. गोळी तो आकडा खाली आणते. उष्माघातात आकडा सदतीसवरच असतो. शरीर तिथवर पोचू शकत नाही. म्हणून डॉक्टरांनी गोळी बाजूला ठेवायला लावली.

आपण नुसते बसलो तरी शरीरात तासाला सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकलीच नाही, तर तासाला एक अंश तरी तापमान चढेल. एरवी रक्त त्वचेकडे धावते आणि ही उष्णता हवेला देऊन टाकते. पण हवाच त्वचेपेक्षा गरम असली, की व्यवहार उलटा होतो, उष्णता आत येऊ लागते. मग एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच हिशेबाने, बाहेर पाझरून वाळलेल्या पाण्याच्या मोबदल्यात.

१७७४ मध्ये लंडनला चार्ल्स ब्लॅग्डन आणि त्यांचे सहकारी मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरले. एका प्रयोगात तिथली कोरडी हवा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेली होती. सोबत नेलेली अंडी आणि मांस त्या खोलीत शिजले. माणसे काही मिनिटांनी चालत बाहेर आली. शिजणाऱ्या मांसाला घाम येत नव्हता, माणसाला येत होता. हवा मात्र कोरडी हवी. अंगावरून ओघळून गेलेला घाम थंडावा देत नाही, वाळलेलाच देतो. म्हणून आमचा वाळ्याचा कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो. आणि म्हणूनच १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला, पारा नागपूरच्या मे महिन्याइतका चढलेला नसतानाही, उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली.

पण आई तर कोरड्या विदर्भातून आली होती. तिचा घाम का आटला? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, ती मला माझ्या नावाने हाक मारू लागल्यावर, मी विचारले, "आई, बसमध्ये पाणी प्यायली नव्हतीस का गं?"

"घरून निघताना घोटभर प्याले होते."

"आणि नंतर?"

ती खाटेच्या कडेकडे पाहत म्हणाली, "प्याले असते तर उतरावं लागलं असतं. त्या स्टँडावरची जागा तू पाहिलीस का? बाईमाणसानं जावं कुठं?"

बाटली पिशवीत भरलेलीच होती. सात तास. त्यात तिचे वय बहात्तर. या वयात तहानही उशिरा आणि कमी लागते. मूत्रपिंडांनी थेंब थेंब वाचवला असेल, हृदय वेगाने धडधडत राहिले असेल. पण शरीरापुढे दोन हिशेब एकाच वेळी आले. अंग थंड ठेवायचे तर पाणी खर्चायला हवे. रक्तदाब टिकवायचा तर तेच पाणी राखायला हवे. पाणी आटत गेले तशी शरीराने त्वचेची वाटणी कापली. शहाणपणात ते कुठेच कमी पडले नव्हते. खर्चायलाच काही उरले नव्हते.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. समस्थितीचा धडा आला तेव्हा व्याख्या न सांगता मी मुलांना विचारले, "सकाळपासून कोण किती पाणी प्यालं?" मुलांनी दोन बाटल्या, तीन बाटल्या असे सांगितले. मुली गप्प. शेवटी मागच्या बाकावरची एक म्हणाली, "सर, आम्ही घरी जाऊनच पितो." वर्गात कोणीतरी हसले. ती हसली नाही. "मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं, सर. किल्ली ऑफिसात मागावी लागते."

बावीस वर्षे मी त्या कुलपासमोरून जात-येत होतो. आतल्या द्रवाचा समतोल फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो, आणि समोरच्या निम्म्या वर्गाने तो समतोल रोज सहा तास गहाण ठेवलेला होता. शेतात निंदणाऱ्या बायका, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या, बसमधल्या आया, सगळ्यांचे गणित हेच. शरीर सदतीस अंश राखायला जिवापाड झटते, पण पाणी त्याला बाहेरून यावे लागते. आणि ते निर्धास्त पिता यावे, एवढी सोय बाकीच्यांनी करायची असते.

किल्लीसाठी तीन अर्ज आणि चार महिने लागले. ऑक्टोबरात कुलूप निघाले. आई हल्ली मे महिन्यात येत नाही, दिवाळीला येते. मागच्या खेपेला तिला हे सारे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस. आता त्या स्टँडाचंही बघ."

तो अर्ज मी दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे.