दिवाळीचा किल्ला: मावळची चिखलातली बालवाडी

मातीचा लोहगड करायचा तर सगळ्यात अवघड काम विंचूकाट्याचे. गडापासून पुढे निघालेली ती लांब, अरुंद सोंड सैल मातीत उभी राहत नाही. पाणी जास्त झाले की टोक बसते, कमी पडले की दुसऱ्या दिवशी भेगा जातात. कोणी मोठ्याने सांगण्याआधीच मुलाच्या बोटांना हे कळते. मग पोर आणखी माती मळते, मध्ये दगड बसवते, तळव्याने थापते आणि पुन्हा बघते.

मळवली, भाजे, पाटण, लोणावळा या पट्ट्यात मुलांसमोर खरे गड उभे आहेत: लोहगड, विसापूर, पलीकडे पवनेच्या खोऱ्यात तुंग आणि तिकोना, बोरघाटाच्या बाजूला राजमाची. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगडही आहे. अंगणातल्या लोहगडाला मात्र पैशाचा खर्च जवळजवळ नाही. पायाला विटांचे तुकडे नि दगड, त्यावर चिखलात बुचकळलेले गोणपाट, वर चाळलेल्या मातीचा हात, तटाला गेरू, वाटेला रांगोळी आणि उतारावर अळीव किंवा मोहरी.

लहान मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने किल्ल्याच्या या साहित्याकडे पाहावे. गोणपाट खरखरीत, चिखल गार आणि निसरडा, दगड जड. अळीव भिजले की त्याभोवती बुळबुळीत थर येतो. तीन वर्षांचे मूल तेवढ्यावरच अर्धा तास रमते. वसुबारसेला पेरलेले दाणे भाऊबिजेपर्यंत हिरवे होतात, म्हणजे थांबण्याचा धडाही त्यातच. माती मळताना तळवा, मनगट आणि बोटे यांना जे बळ येते, तेच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते.

इंद्रियांच्या शिक्षणाला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत मारिया माँटेसरी हे मोठे नाव. रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झाले. त्यांच्या साधनांत १ ते १० सेंटिमीटरपर्यंत चढत्या मापाच्या दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा आहे, खरकागदाची अक्षरे आहेत, वासाच्या बाटल्या आहेत. ही साधने अचूक, म्हणूनच महागही. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी खात्यापित्या घरांपुरती उरली, त्याचे हे एक कारण.

ही कोंडी महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी फोडली. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. लाकडी साधनांची जागा शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या आणि माती यांनी घेतली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हळूहळू अंगणवाडी देशभर पोचली. अरविंद गुप्तांनी हाच हिशेब विज्ञानाला लावला: आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती.

बोर्डीला समुद्र होता म्हणून शिंपले. मावळात भात आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी वाण तयार झाला. त्याच भाताचे तूस परातीत भरले की बोटाने रेघा ओढता येतात. त्यात लपवलेले गोटे न बघता शोधण्याचा खेळ होतो. पेंढ्याची वेणी घालता येते, बाहुली बांधता येते. रिकाम्या काड्यापेट्यांच्या जोड्या कराव्यात, दोनांत तांदूळ, दोनांत खडे, दोनांत तूस. खुळखुळवून जोडी ओळखायची. फडक्याच्या पुरचुंड्यांत ओवा, सुंठ, गवती चहा आणि इंद्रायणीचे तांदूळ बांधले की नाकाचा खेळ तयार. पावसाळ्यात तेरड्याची फुले कागदावर चुरगळून रंग काढावेत, उन्हाळ्यात ओढ्यातले गोटे लहान-मोठे लावावेत.

स्वस्त म्हणजे बिनधोक, असे मात्र नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बिया, मणी, बारीक खडे देऊ नयेत. ते घशात अडकतात, नाका-कानात जातात. लालकाळी गुंज दिसायला देखणी, पण विषारी. एरंडाची बीही तशीच. दोन्ही खेळात नकोतच. खत-औषध मारलेल्या खाचराची माती टाळावी, काचा-खिळे वेचून माती चाळून घ्यावी, रांगोळीची धूळ नाकात जाऊ देऊ नये आणि खेळ संपला की साबणाने हात धुवावेत.

आणखी एक धोका मोठ्यांच्या उत्साहाचा. पुणे-तळेगावच्या रस्त्याकडेला आता प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. सोसायट्यांच्या स्पर्धांत बक्षिसाच्या ओढीने बाप किल्ला रचतो नि पोर पाणी आणून देते. किल्ला रेखीव होतो, पण विंचूकाटा कोसळल्यावर काय करायचे हा प्रश्न मुलाच्या वाट्याला येतच नाही. तयार किल्ल्याला भेग पडत नाही, म्हणून तो काही शिकवतही नाही. मोठ्यांनी दगड उचलून द्यावेत, धारदार वस्तू बाजूला कराव्यात आणि वाकडा बुरूज वाकडाच राहू द्यावा.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ले मोडले जातात. अंगणवाडी ताईंनी ही माती फेकू देऊ नये. मुलांनीच फोडावी, खडे वेचावेत, पाणी घालून रात्रभर मुरवावी. चाळलेली, एकदा मळून झालेली माती दुसऱ्यांदा अधिक लोण्यासारखी होते. त्यातून चूल, जाते, बैल, चपट्या पाटीवर उमटवलेले ‘म’ अक्षर, सगळे निघेल. बंद पोत्यात ओलसर ठेवली तर मावळातल्या एका अंगणवाडीला तेवढ्या मातीवर वर्षभराचे हस्तकाम करता येईल, तेही कोणत्याही खरेदीच्या मंजुरीची वाट न पाहता.