कुठला बाजीराव, कुठला शाहू?

बाजीराव म्हटलं की डोळ्यांसमोर घोडा येतो. १८०२ साली वसईचा तह करून इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या आसऱ्याला गेलेला बाजीराव सहसा आठवत नाही. आठवला तर 'दुसरा' हे शेपूट लावूनच. हे शेपूट इतिहासकारांचं. पेशवाईच्या कागदांत एक बाजीराव बल्लाळ, म्हणजे बाळाजीपंतांचे चिरंजीव, आणि एक बाजीराव रघुनाथ. आपल्या शाळेच्या दाखल्यावरचीच रीत. मधलं नाव गाळलं की घोळ सुरू.

घोळाचं मूळ मात्र घराघरातलं: नातवाला आजोबांचं नाव. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्यांचा मुलगा पुन्हा बाळाजी. आता सासऱ्यांच्या नावाच्या पोराला लेकी-सुनांनी हाक कशी मारायची? म्हणून टोपणनाव: नानासाहेब. तेही एकट्याचं राहिलं नाही. नाना फडणवीसही मूळचे बाळाजीच, बाळाजी जनार्दन भानू. आणि १८५७ चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. अशा वेळी 'नानांनी सांगितलं' एवढ्यावर कोणी इतिहास सांगू लागलं, तर आधी साल विचारावं.

जोड्यासुद्धा परतून येतात. १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेणारे चिमाजी अप्पा हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. पुढे दुसऱ्या बाजीरावांचे वडील रघुनाथराव यांच्या घरातही थोरला बाजीराव आणि धाकटा चिमाजी. या दुसऱ्या चिमाजींना १७९६ मध्ये औटघटकेची पेशवाईही मिळाली. आणि जी वसई एका चिमाजींनी जिंकली, तिच्याच नावाच्या तहावर दुसऱ्या चिमाजींच्या भावाने सही केली!

शाहूंची गोष्ट याहून गमतीची, कारण दोघेही 'शाहू' म्हणून जन्मले नव्हते.

सातारचे शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र. १६८२ मध्ये जन्मलेल्या या बाळाचं नाव शिवाजी, आजोबांचंच. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचा हा मुलगा आई येसूबाईंबरोबर मोगलांच्या छावणीत गेला. औरंगजेबाने त्याला 'साव' म्हटलं, त्यावरून शाहू, असं सांगतात. इकडे संभाजी महाराजांच्या भावजय ताराबाईंनी १७०० मध्ये आपल्या मुलाला गादीवर बसवलं. त्याचंही नाव शिवाजी. म्हणजे एका आजोबांचे दोन नातू, जन्मनाव एकच. एक कैदेत, एक सिंहासनावर. १७०७ मध्ये औरंगजेब गेला, शाहू सुटले आणि वारसाची लढाई पेटली. त्या दिवसांत दोघेही शिवाजी म्हणूनच ओळखले जात असते तर आज्ञापत्रं वाचणाऱ्या किल्लेदारांचं काय झालं असतं, कोण जाणे. त्या छावणीतल्या नावाने पुढची बरीच गुंतागुंत वाचवली, असं मला वाटतं.

कोल्हापूरचे शाहू हे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक गेले तेव्हा ते शाहू झाले. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारे ते हेच. त्यांच्या नावामागे आता 'राजर्षी' लागतं, त्यामुळे गोंधळ कमी होतो. पण निव्वळ 'शाहू महाराज' म्हटलं की सातारकर आणि कोल्हापूरकर दोघेही आपापल्या महाराजांबद्दल बोलू लागतात. शाहूपुरी तर दोन्ही शहरांत आहे. पत्त्यात गाव लिहायला विसरू नये.